कोशू, केर्नर की नागानोची शार्डने? जपानी व्हाइट वाइन ताटाप्रमाणे निवडताना

जपानी व्हाइट वाइन कुठली घ्यावी असं विचारलं की बहुतेक जण उलट विचारतात, "जेवायला काय आहे? मासे, चिकन की भाज्या?" त्याहून उपयोगाचा प्रश्न याकितोरीच्या दुकानातला वेटर विचारतो. काडीला ओवून कोळशावर भाजलेलं चिकन मागवलं की तो म्हणतो, "शिओ की तारे?" शिओ म्हणजे नुसतं मीठ. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातलं गोडसर तांदूळ-मद्य) आणि साखर आटवून केलेला चकचकीत, गोडसर रस. चिकन तेच, कोळसाही तोच. पण मिठाच्या काडीबरोबर जी वाइन खुलते तीच तारे लावलेल्या काडीबरोबर पाणचट लागते. जपानी जेवणात बाटली कुठली हे बऱ्याचदा मासा ठरवत नाही, मासा कशात बुडवून खाणार ते ठरवतं. खाली ज्या वाइन शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, त्या याच हिशेबाने. कोशू, केर्नर, शार्डने, डेलावेअर ही त्यांच्या द्राक्षांची नावं; यामानाशी, होक्काइदो, नागानो हे जपानातले प्रांत.

घाईत असाल तर एवढं पुरे: मीठ, लिंबू आणि कच्चे मासे असतील तर यामानाशीची कोशू, त्यातही सूर ली, म्हणजे यीस्टच्या गाळावर मुरवलेली. गोडसर किंवा किंचित तिखट सॉस असेल तर होक्काइदोची केर्नर. लोणी, क्रीम, गोड मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) असेल आणि खिशाला झेपत असेल तर नागानोची शार्डने. ताकोयाकी (ऑक्टोपसचे तुकडे घातलेले पिठाचे गोळे) आणि गप्पा असतील तर डेलावेअरची फसफसणारी. कोणाकडे जेवायला जाताय आणि पुढ्यात काय येणार याचा पत्ता नसेल, तर सालीसकट आंबवलेली, नारिंगी रंगाची कोशू.

आधी लेबल वाचा

जपानात बाटलीत भरलेली प्रत्येक वाइन जपानी द्राक्षांची नसते. परदेशातून द्राक्षांचा आटवलेला रस आणायचा, इथे तो आंबवायचा आणि विकायचा, हा धंदा जुना आणि मोठा आहे. सुपरमार्केटच्या खालच्या फळीवरच्या अगदी स्वस्त बाटल्या बहुधा त्यातल्याच. 30 ऑक्टोबर 2018 पासून नियम असा आहे की ‘निहोन वाइन’ हे शब्द फक्त जपानात पिकलेल्या द्राक्षांपासून जपानातच केलेल्या वाइनवर छापता येतात. द्राक्षाची जात, गाव किंवा साल छापायचं असेल तर किमान 85 टक्के द्राक्षं त्या जातीची, त्या भागातली, त्या सालची लागतात. जपानी वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा लेबलवर धरा आणि हे दोन शब्द शोधा. ते नसतील तर बाटली परत फळीवर.

यापलीकडे भौगोलिक मानांकन असतं. यामानाशीला ते 2013 मध्ये मिळालं, होक्काइदोला 2018 मध्ये, आणि नागानो, यामागाता, ओसाका यांना 2021 मध्ये. मानांकनाची वाइन बाजारात येण्याआधी चाखून तपासली जाते, त्यामुळे अनोळखी वायनरीची बाटली घेताना तेवढाच आधार.

गोडीसाठी तीन शब्द पुरतात: कराकुची म्हणजे ड्राय, अमाकुची म्हणजे गोड, आणि याया-अमाकुची म्हणजे किंचित गोड. कोशू दोन्ही टोकांची मिळते. सहलीच्या ठिकाणी विकायला मांडलेल्या कोशू पुष्कळदा गोड असतात. ती बाटली साशिमीबरोबर, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांबरोबर, उघडलीत तर जपानी वाइनबद्दल कायमचं वाईट मत होईल, आणि त्यात द्राक्षाचा काही दोष नसेल.

कोशू: एकच द्राक्ष, पण चार तऱ्हा

जपानात वाइनसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं द्राक्ष कोशूच, आणि ते जवळजवळ सगळं यामानाशी प्रांतात पिकतं. त्यातही कात्सुनुमा हे गाव म्हणजे पंढरी. टोकियोतल्या शिंजुकूहून चुओ लाइनच्या रेल्वेने दीडेक तासात पोचता येतं. द्राक्ष इथे आलं कसं याच्या दोन दंतकथा आहेत. एक म्हणते 718 साली ग्योकी नावाच्या बौद्ध भिक्षूला दृष्टान्त झाला आणि दाइझेनजी मंदिर उभं राहिलं. तिथल्या बुद्धमूर्तीच्या हातात खरोखर द्राक्षाचा घड आहे. दुसरी म्हणते 1186 साली आमेमिया कागेयू या शेतकऱ्याला रानात वेगळाच वेल सापडला. डीएनए तपासणीतून निघालेली गोष्ट जास्त रंजक आहे. कोशूत सुमारे 70 टक्के अंश युरोपातल्या वाइनच्या द्राक्षाचा, म्हणजे विनिफेराचा आहे आणि उरलेल्यात चीनमधल्या रानटी द्राक्षाचा. पश्चिमेकडून निघालेला वेल चीनमध्ये रानवेलाशी संकर पावला आणि मग समुद्र ओलांडून इथे आला.

या रानटी रक्ताचा फायदा शेतकऱ्याला कळतो. जपानात जूनमध्ये पावसाळा आणि सप्टेंबरात वादळं, म्हणजे द्राक्षाला जे नको ते सगळं. कोशूची साल जाड असते, म्हणून ती या ओलीत तग धरते. वेल आपल्या नाशिक-सांगलीकडच्यासारखे मांडवावर चढवलेले असतात, आणि पावसाचं पाणी घडावर पडू नये म्हणून प्रत्येक घडाला वरून मेणकागदाची टोपी घालतात. हाताने, एकेका घडाला. या वाइनची किंमत ऐकून कपाळाला आठ्या पडल्या तर त्या टोप्या आठवा. पिकलं तरी घड हिरवा किंवा काळा होत नाही; फिकट जांभळ्या-गुलाबी रंगावर थांबतो. मण्यात साखर बेताचीच, त्यामुळे आंबवताना पुष्कळ वायनरी थोडी साखर घालतात, आणि तरीही मद्यार्क 11 ते 12 टक्क्यांच्या आसपास राहतो. दुपारच्या जेवणाला हे सोयीचंच.

ग्लासात ओतली की पहिल्यांदा निराशा होण्याची शक्यता आहे. रंग जवळजवळ पाण्याचा. वासही उडी मारून येत नाही. ग्लास थोडा हातात धरून ठेवला की मग पपनसाची साल नखाने खरवडल्यासारखा वास येतो, मागे नासपती, कधी युझू हे जपानी लिंबू. घोट घेतला की आंबटपणा मऊ लागतो आणि शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला एक बारीक कडवटपणा उरतो. सालीतून आलेल्या त्या कडवटपणामुळेच कोशू जेवणाची वाइन आहे. नुसती पिऊन पाहणारे तिला फिकी म्हणतात, आणि नुसतं पिण्यापुरतं त्यांचं म्हणणं खरंही आहे.

पपनसाच्या त्या वासाचीही एक गोष्ट आहे. बोर्दोमध्ये काम करणारे जपानी संशोधक ताकातोशी तोमिनागा यांनी सोव्हिन्यों ब्लांच्या वासावर आयुष्य घातलं. तिथे सापडणारं तेच पपनस-ग्रेपफ्रूटच्या वासाचं गंधकयुक्त संयुग कोशूतही आहे, असं त्यांच्या मदतीने शातो मर्शियन या वायनरीच्या लोकांना आढळलं. द्राक्षं थोडी आधी तोडली आणि रसाला हवा लागू दिली नाही तर तो वास टिकतो. त्यातून 2004 च्या हंगामाची ‘कोशू किइरोका’ ही वाइन निघाली, आणि वासच नाही अशी ज्याची ख्याती होती त्या द्राक्षाकडे लोक नव्याने बघू लागले. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेने कोशूला अधिकृत वाइनचं द्राक्ष म्हणून यादीत घेतलं, त्यामुळे युरोपात लेबलवर नाव छापून विकता येऊ लागलं. 2014 च्या डिकँटर या आंतरराष्ट्रीय वाइन स्पर्धेत ग्रेस वाइन या वायनरीच्या कोशूने सुवर्णपदक मिळवलं.

दुकानात मात्र ‘कोशू’ एवढंच मागून भागत नाही. चार तऱ्हा आहेत आणि ताट बदललं की तऱ्हाही बदलावी लागते.

पहिली, स्टीलच्या टाकीत आंबवून लवकर बाटलीत भरलेली. सगळ्यात हलकी, सगळ्यात स्वच्छ. शिओ याकितोरी, मीठ आणि सुदाचीचं लिंबू पिळलेले पांढरे मासे, थंडगार तोफूवर किसलेलं आलं.

दुसरी, सूर ली. आंबवून झाल्यावर तळाशी यीस्टचा गाळ बसतो. त्यावरच वाइन काही महिने ठेवायची. ही फ्रान्समधल्या मुस्कादेची पद्धत. शातो मर्शियनने 1980 च्या दशकात ती कोशूला लावली आणि तंत्र स्वतःपुरतं न ठेवता कात्सुनुमातल्या बाकीच्या वायनरींना सांगून टाकलं. गाळामुळे वाइनला थोडी जाडी येते, पावासारखा वास येतो आणि जपानी जेवणातल्या उमामीशी, म्हणजे मुरलेल्या खमंग चवीशी, तिचं जुळतं. सोया सॉस-वसाबी लावलेली साशिमी, कालवं, दाशीत (मासे किंवा समुद्री शेवाळाच्या सारात) उकडलेल्या भाज्या, चावानमुशी (अंड्याचं वाफवलेलं कस्टर्ड), या सगळ्याला हीच. मारुफुजीची रुबाइयात सूर ली आणि कात्सुनुमा जोझोची अरुगा ब्रांका क्लारेझा, या दोन्ही टोकियोत सहज मिळतात. साध्या स्टीलच्या आणि सूर लीच्या बाटलीत किंमतीचा फरक थोडाच असतो. दोन्ही साधारण दीड ते तीन हजार येनमध्ये येतात. मग माझ्या मते सूर लीच घ्यावी.

तिसरी, लाकडी पिंपातली. हिच्याबद्दल मी जरा साशंक आहे. कोशू अंगाने नाजूक. लाकूड थोडं जास्त झालं की द्राक्ष गायब होतं आणि उरतो फक्त व्हॅनिलाचा वास. चांगल्या हातची असेल तर भाजलेल्या मशरूमबरोबर, तिळाच्या वाटणातल्या पालेभाजीबरोबर मजा येते. पण एवढे पैसे घालणार असाल तर शार्डनेच घ्या.

चौथी, सालीसकट आंबवलेली. तिला तिथे कामोशी म्हणतात, बाकी जगात ऑरेंज वाइन. सालीतून रंग, तुरटपणा आणि वाळवलेल्या जर्दाळूसारखा वास उतरतो. शातो मर्शियनची ग्री द ग्री सौम्य, ल्युमिएरची ऑरेंज जरा ठाशीव. तारे लावलेली याकितोरी, ग्योझा, आल्याच्या रसातलं डुकराचं मटण, मिसोत परतलेली वांगी, असं जिथे साध्या कोशूचा आवाज बसतो तिथे ही उभी राहते. तुरटपणा कोऱ्या चहाइतका, म्हणून तेलकट पदार्थांनंतर तोंड साफ होतं.

कात्सुनुमातले जुने लोक यातल्या कुठल्याच बारकाव्यात पडत नाहीत. तिथे घराघरात 1.8 लिटरची, साकेसाठी असते तशी उंच हिरवी किंवा तपकिरी काचेची बाटली असते, आणि वाइन प्यायची ती चहाच्या कानविरहित कपातून. सोबत लोणच्याची काकडी, किंवा सोया सॉस आणि साखरेत आटवलेल्या कोंबडीच्या काळीज-गिझर्डचे तुकडे, म्हणजे कोफू शहराचं तोरिमोत्सुनी. हिवाळ्यात ‘होतो’ नावाचा पदार्थ: रुंद पट्टीचे जाड नूडल्स, लाल भोपळा आणि मिसोचा दाट रस्सा. तोरिमोत्सुनीबरोबर साधी ड्राय कोशू पुस्तकी नियमाने जुळू नये, आणि खरं सांगायचं तर फारशी जुळतही नाही. पण तिथे बसल्यावर कोणाला फरक पडत नाही.

माशाचा वास तोंडात का राहतो

कच्च्या शिंपल्याबरोबर किंवा माशांच्या अंड्यांबरोबर वाइन प्यायल्यावर कधी कधी तोंडात एक शिळट, लोखंडी, हिवस वास भरतो. पूर्वी याचं खापर रेड वाइनच्या टॅनिनवर फुटायचं. 2009 मध्ये मर्शियन कंपनीच्याच संशोधकांनी एक साधा प्रयोग छापला. त्यांनी 38 रेड आणि 26 व्हाइट वाइन शिंपल्यांबरोबर चाखायला दिल्या आणि वाइनमधलं काय काय या वासाशी जुळतं ते मोजलं. दोषी निघालं लोह. लोहाच्या अंशामुळे माशातल्या स्निग्ध पदार्थांचं विघटन झपाट्याने होतं आणि तो वास देणारी संयुगं तोंडातल्या तोंडात तयार होतात. लोह जास्त असलेल्या वाइनमधलं लोह बांधून टाकलं की वास कमी झाला.

लोह किती हे जमिनीवर, यंत्रांवर, पिंपांवर अवलंबून असतं, आणि लेबलवर ते कोणी छापत नाही. कोशूच्या बाजूने एवढं म्हणता येईल की तिच्यात तो वास क्वचितच येतो, म्हणून टोकियोतल्या सुशीवाल्यांकडे वाइनच्या यादीत ती असतेच. तरीही इकुरा म्हणजे सामन माशाची अंडी, आणि उनी म्हणजे समुद्री अर्चिन, या दोन गोष्टींपुढे मी वाइनचा हट्ट धरत नाही. तिथे साकेच बरी.

सुशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साशिमी आणि सुशी यांत मासा तोच असला तरी सुशीच्या भातात व्हिनेगर आणि साखर असते. अगदी कोरडी वाइन त्या भाताबरोबर कडक लागते. पांढऱ्या माशांच्या निगिरीबरोबर सूर ली कोशू चालून जाते, पण ताटात गोड रस लावलेला आनागो (समुद्री ईल), कोळंबी, अंड्याचं गोड ऑम्लेट असं मिश्रण असेल तर केर्नरकडे वळा.

होक्काइदोची केर्नर

केर्नर हे जर्मन द्राक्ष. 1929 मध्ये वाइन्सबर्गला ट्रोलिंगर आणि रीसलिंगच्या संकरातून काढलेलं. होक्काइदोच्या थंडीत ते रमलं. योइची, ओतारू, उराउसू या भागांत हिवाळ्यात इतकं बर्फ पडतं की वेल मुद्दाम तिरके लावतात. थंडी आली की त्यांना तारेवरून सोडून जमिनीशी आडवे करतात. वरून पडलेला बर्फच मग पांघरुणाचं काम करतो: बाहेर पारा शून्याच्या कितीही खाली गेला तरी बर्फाखालचा वेल शून्याच्या आसपासच राहतो आणि वाचतो.

कोशूच्या शेजारी ठेवली तर फरक पहिल्या वासातच कळतो. केर्नर बोलकी आहे: हिरवं सफरचंद, पीच, थोडा मस्कत द्राक्षासारखा फुलांचा वास. आंबटपणा कोशूपेक्षा टोकदार, आणि बऱ्याच बाटल्यांत थोडी साखर मागे ठेवलेली असते. ज्यांना व्हाइट वाइन नवी आहे त्यांना दहापैकी आठ वेळा केर्नरच आवडेल. किंमतही कोशूच्याच पट्ट्यात.

खेकडा उकडून नुसता मिठाबरोबर, लोणी-सोया सॉसवर शेकलेले शिंपले, सामन आणि मिसोचं इशिकारी नाबे, जपानातल्या चायनीज हॉटेलातली गोड-तिखट एबी चिली, या सगळ्यांना केर्नर सांभाळते. तिखट आणि गोड एकत्र आलं की कोशू हरते आणि केर्नर जिंकते, हा माझा ठाम अनुभव. पण नाजूक गोष्टींवर ती दादागिरी करते. तोफू, युबा (सोयादुधाची साय), ताई माशाची साशिमी यांच्यासमोर केर्नर ठेवली तर फक्त केर्नरच लागते.

होक्काइदोत नायगारा द्राक्षाचीही गोड वाइन पुष्कळ विकली जाते. वास भरपूर, अगदी खायच्या द्राक्षाचा. स्वस्त आहे, आइस्क्रीमबरोबर ठीक आहे, जेवणाबरोबर नको.

नागानोची शार्डने

जपानात फ्रेंच जातींमध्ये पांढऱ्यात शार्डने आणि लालमध्ये मेर्लो ही मंडळी नागानोत चांगली बसली. उंचावरची जमीन, दिवस-रात्रीच्या तापमानातला मोठा फरक, आणि यामानाशीपेक्षा कमी पाऊस. चिकुमा नदीच्या दोन्ही काठांवर, होकुशिन भागात, आज वायनरींची रांग आहे. होकुशिनच्या शार्डनेत सफरचंद आणि संत्र्याचा आंबटपणा ताजा राहतो, पिंपाचा वापर हल्ली संयमाने होतो.

हिची किंमत मात्र चढी: साधारण तीन-चार हजार येनच्या पुढे, नावाजलेली असेल तर बरीच पुढे. त्या पैशात जगभरातली चांगली शार्डने टोकियोत मिळते, त्यामुळे केवळ ‘शार्डने हवी’ म्हणून नागानोची घेणं मला पटत नाही. ताटात जपानी चव आणि लोणी-चरबीचा स्निग्धपणा असं दोन्ही असेल तेव्हा घ्या. क्योतोच्या गोड पांढऱ्या मिसोत मुरवून भाजलेला काळा कॉड, म्हणजे गिंदारा साइक्योयाकी, हा तिचा सर्वोत्तम जोडीदार आहे. मिसोचा गोडवा, माशाची चरबी आणि भाजल्याचा किंचित करपट वास, तिन्ही तिला झेपतात. क्रीम स्टू, ग्रातें, लोण्यात परतलेले मशरूम, मीठ लावून खाल्लेलं तोन्कात्सु (पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं डुकराचं मांस) हेही. तोन्कात्सुवर तपकिरी गोड सॉस ओतणार असाल तर शार्डनेचे पैसे वाचवा आणि नारिंगी कोशू उघडा.

डेलावेअर, आणि एक-दोन उमेदवार

डेलावेअर हे बारीक मण्यांचं अमेरिकन द्राक्ष, यामागातात सगळ्यात जास्त पिकतं. खायचं द्राक्ष म्हणून ते बिनबियांचं करतात, त्यासाठी घड जिबरेलिकच्या द्रावणात बुडवतात; नाशिककडच्या बागायतदाराला हे ‘जीएचं डिपिंग’ म्हणून पाठ असेल. ओसाकाजवळच्या काशिवारातल्या काताशिमो वायनरीने डेलावेअरची फसफसणारी वाइन काढून तिचं नाव ताकोशान ठेवलं. ताको म्हणजे ऑक्टोपस, आणि ती प्यायची ताकोयाकीबरोबर. विनोद वाटतो, पण बुडबुडे आणि गोडसर वास त्या सॉस-मेयोनेजच्या थराला बरोबर कापतात. ओकोनोमियाकी आणि कोंबडीचं कारागे यांनाही हीच.

निगाताच्या समुद्रकाठच्या वाळूत अल्बारिन्यो लावलेलं आहे. मूळ स्पेनच्या गालिथियातलं, तिथल्याही माशांसोबतच वाढलेलं. निगाताची बाटली कुठे दिसली तर मीठ लावून भाजलेल्या नोदोगुरो माशाबरोबर घ्या. दुकानात मात्र क्वचितच दिसते.

शाकाहारी ताट

टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. भाज्यांचा तेंपुरा कोशूसाठी जणू मापून केलेला आहे, पण सोबत येणाऱ्या त्सुयू या बुडवायच्या रसामध्ये बहुधा कात्सुओ माशाची दाशी असते. म्हणून मीठ मागा. "शिओ दे" एवढं म्हटलं की मिळतं. योगायोगाने कोशूलाही मीठच जास्त मानवतं, त्यामुळे शाकाहारी माणसाची सोय आणि वाइनची सोय एकच ठरते. मायताके मशरूम, कमळकाकडी, शिशितो मिरची, रताळं. वसंतात फुकिनोतो, तारानोमे अशा रानभाज्यांच्या कळ्या तळतात. त्यांचा कडवटपणा आणि कोशूच्या शेवटी उरणारा कडवटपणा एकमेकांना असे भेटतात की दोन्ही गोड लागू लागतात. ज्यांना कोशू फिकी वाटली त्यांनी मार्च-एप्रिलात हे एकदा खाऊन बघावं. बुडबुड्यांची कोशू मिळाली तर तळणीबरोबर आणखी बरं.

युबा, आगेदाशी तोफू, तीळ घातलेली पालेभाजी यांना सूर ली. आगेदाशीच्या रश्शातही मासा असतो, तेवढं विचारून घ्या. देवळांमधल्या शोजिन, म्हणजे शाकाहारी जेवणात दाशी कोंबू शेवाळ आणि शिइताके मशरूमची असते, तिथे काळजी नाही.

घरी न्यायची असेल तर

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. मग त्या दोन कुठल्या? आपल्याकडे ती कशाबरोबर उघडणार, यावर अवलंबून आहे. नाशिकची शेनिन ब्लां प्यायची सवय असलेल्यांना कोशू पहिल्या घोटाला बारीक वाटेल. शेनिनमध्ये अंग जास्त, बऱ्याचदा साखरही जास्त, म्हणून ती आपल्या वाटणाच्या रश्शासमोर थोडीफार टिकते. कोशू अजिबात टिकत नाही. भरली वांगी, कोल्हापुरी मटण, मालवणी तिखला, यांच्यासमोर तिच्यात आणि पाण्यात फरक राहणार नाही. हळद-मीठ लावून कुरकुरीत तळलेले बोंबील, नुसतं मीठ आणि लिंबू लावून शेकलेला पापलेट, उकडीच्या तिसऱ्या, कांद्याची भजी चटणीशिवाय, एवढ्याला ती जमते. केर्नर मात्र कोथिंबीर वडी, गोड चटणीसह सामोसा, आंबट-गोड आमटी इथपर्यंत येते. म्हणून घरच्यांना जपानी वाइन म्हणजे काय हे दाखवायचं असेल तर एक सूर ली कोशू आणि एक याया-अमाकुची केर्नर, असा जोड मी सुचवेन. आवडीनिवडी माहीत नसलेल्या साहेबांना भेट द्यायची असेल तर मात्र शार्डने; नाव ओळखीचं असतं.

बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. घरी आल्यावर फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका. चार अंशांवर कोशूचा होता नव्हता तो वास गप्प होतो. फ्रीजबाहेर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, साधी आणि सूर ली आठ-दहा अंशांवर, नारिंगी आणि पिंपातली बारा-तेराच्या पुढे. मुंबईच्या मे महिन्यात त्याला पाच-दहा मिनिटंही पुरतात. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली तर साधी कोशू दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावी. सालीसकट आंबवलेली आणखी दोन-तीन दिवस चांगली राहते.